गृहस्थ वासुदेवशास्त्री

श्रीक्षेत्र नृसिंहवाडीचे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर संन्याशांची परंपरा उभी राहते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बारा वर्षे राहिलेले श्रीनृसिंहसरस्वती, पुढील काळातील नारायणस्वामी, गोविंदस्वामी आणि अगदी अलीकडचे म्हणजे श्रीवासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबेस्वामी, ही सारी भगव्या वस्त्रातील मंडळी होत. टेंबेस्वामींची दंड-कमंडलूसहित तसबीर आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांच्या देवघरात आढळते. परंतु दंड हाती घेण्यापूर्वी हा पुरुष सोळा वर्षे तुमच्या-आमच्यासारखा संसारी माणूस होता, याचे स्मरण फार थोड्यांस असते. प्रस्तुत लेखात त्या सोळा वर्षांचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कालगणना पाहू. स्वामींचा जन्म १८५४ साली श्रावण वद्य पंचमीस झाला. विवाह १८७५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाला. पत्नीचा वियोग व संन्यासग्रहण ही दोन्ही १८९१ सालची. समाधी गुजराथेत नर्मदातीरी गरुडेश्वर येथे १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेस. म्हणजे साठ वर्षांच्या आयुष्यात एकवीस वर्षे बाल्य व विद्यार्जन, सोळा वर्षे गृहस्थाश्रम व तेवीस वर्षे संन्यास असा हिशेब पडतो. चरित्रग्रंथांत मात्र अखेरच्या तेवीस वर्षांनीच बहुतेक पाने व्यापिली आहेत. त्यात नवल नाही, कारण संन्याशाभोवती शिष्य असतात व ते लिहून ठेवतात. गृहस्थाभोवती घरची माणसे असतात, आणि घरच्या माणसांस लिहिण्यास सवड कोठून असणार?

टेंबे घराणे तळकोकणातील माणगावचे. हे गाव तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते, सांप्रत सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यात आहे. शेजारून निर्मळा नदी वाहते. घरची स्थिती बेताचीच. आजोबा हरिभट हे कर्मनिष्ठ वैदिक, तर वडील गणेशभट निस्सीम दत्तभक्त. गणेशभटांचा ओढा संसारापेक्षा गाणगापुराकडे अधिक होता. ते वर्षानुवर्षे तेथेच सेवेत राहिले व पुढे दत्तप्रभूंची आज्ञा झाल्यावर घरी परतले, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्यामागे घराचा भार आजोबांवर होता. बाळ वासुदेवास संथा देऊन त्याचा पाया घातला तोही आजोबांनीच. घरातील कर्ता पुरुष दूर क्षेत्री असला म्हणजे मागे राहिलेल्यांनी दिवस कसे काढावयाचे असतात, हे या घरास ठाऊक होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आठव्या वर्षी मुंज झाली. पुढे वेदाध्ययन, संस्कृत व ज्योतिष यांत वासुदेवशास्त्री चांगले तयार झाले. १८७५ मध्ये गोडे यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव अन्नपूर्णाबाई. विवाहानंतर शास्त्रीबुवांनी स्मार्ताग्नी स्वीकारला. नव्या पिढीच्या वाचकांसाठी याचा अर्थ थोडा उलगडून सांगणे अवश्य आहे. हा अग्नी घरात सांभाळावयाचा असतो व सकाळ-सायंकाळ त्यात आहुती द्यावयाच्या असतात. त्याची सेवा पतिपत्नी दोघांनी मिळून करावयाची. पत्नीवाचून तो अग्नी नाही. म्हणजे ज्या कर्मास लोक शास्त्रीबुवांचे तप म्हणत, त्याचा अर्धा वाटा घरात बसून धूर सोसणाऱ्या अन्नपूर्णाबाईंचा होता. पावसाळ्यातील कोकणात, जेथे चार महिने सरपणास ओल सुटत नाही, तेथे हे व्रत किती कष्टाचे असेल याची कल्पना घर चालविणाऱ्या स्त्रियांस आम्ही सांगावयास नको.

उपजीविका भिक्षुकीची व ज्योतिषाची. लोक अडीअडचणी घेऊन येत, शास्त्रीबुवा पंचांग पाहून सांगत. मात्र द्रव्याची अपेक्षा धरीत नसत. परान्न वर्ज्य करण्याचाही त्यांचा नेम होता. गायत्रीची पुरश्चरणे चालू असत. बोलणे मोजके, आचार कडक व वृत्ती आतल्या आत विचार करणारी, असेच या काळातील त्यांचे चित्र चरित्रग्रंथांवरून दिसते. अशा माणसाबरोबर संसार करणे सोपे नसते. जो पती दक्षिणा मागत नाही आणि दुसऱ्याघरी जेवत नाही, त्याच्या घरची चूल रोज पेटलीच पाहिजे. आणि ती कशावर पेटवावयाची याची चिंता पत्नीने करावयाची असते.

याच काळात त्यांचे पाय वाडीकडे वळले. माणगावाहून वाडी म्हणजे सह्याद्रीचा घाट चढून देशावर येणे, तेही पायी. वाडीस गोविंदस्वामींकडून त्यांस मंत्रोपदेश मिळाला. कागलास घडविलेली दत्तमूर्ती घेऊन ते माणगावी परतले व १८८३ साली वैशाखात तेथे लहानसे मंदिर उभारून त्यांनी तिची स्थापना केली. माणगावास पुढे जे क्षेत्राचे रूप आले, त्याचे मूळ या एका गृहस्थाच्या श्रमात आहे.

येथे वाडीच्या इतिहासातील एक विशेष नमूद केला पाहिजे. हे क्षेत्र संन्याशाचे खरे, परंतु ते गृहस्थांच्या स्वाधीन केलेले आहे. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुरास निघाले तेव्हा त्यांनी औदुंबरातळीच्या आपल्या पादुकांची पूजा आलास गावच्या भैरंभट जेरे यांस सोपविली, अशी परंपरा आहे. भैरंभट बायकोमुलांचे धनी, आणि वाडीचे पुजारी त्यांचाच वंशविस्तार मानला जातो. गुरुचरित्रातील अमरापूरची कथाही अशाच एका दरिद्री गृहस्थाची. दारच्या घेवड्याच्या शेंगांवर ज्याचे घर दिवस काढी, त्याचाच वेल श्रीगुरूंनी उपटून टाकिला. पत्नीने आक्रोश मांडला. त्या गृहस्थाने ना श्रीगुरूंस दूषण दिले ना पत्नीवर राग केला. तिची समजूत घातली आणि मुळी काढून टाकण्यासाठी खणू लागला, तो द्रव्याचा कुंभ हाती आला. कुंभाची गोष्ट सर्वांस पाठ असते. आम्हांस मात्र त्या कथेत त्याच्या शांतपणाचे मोल अधिक वाटते. वासुदेवशास्त्र्यांनी गुरुचरित्राचे आजन्म चिंतन केले. हा गृहस्थ त्यांच्या दृष्टीआड राहिला असेल, असे वाटत नाही.

१८८९ साली शास्त्रीबुवांनी माणगाव सोडले. आज्ञा झाली म्हणून ते निघाले, असे चरित्रकार म्हणतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की ते एकटे निघाले नाहीत. अन्नपूर्णाबाई बरोबर होत्या. वैराग्य तर अंगी पूर्वीपासूनच मुरलेले होते. वाडीस संन्याशांचा सहवास होता. मनात आणिले असते तर पत्नीस माहेरी धाडून मोकळे होणे त्यांस कठीण नव्हते.

या संदर्भात दोन जुनी उदाहरणे आठवतात. याज्ञवल्क्याने घर सोडण्यापूर्वी मैत्रेयी व कात्यायनी यांच्यात आपल्या संपत्तीची वाटणी मांडिली, असे बृहदारण्यक उपनिषदात आहे. उलट, ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी तरुण पत्नी मागे ठेवून काशीस संन्यास घेतला. खरा प्रकार कळताच गुरूंनी त्यांस परत संसारात धाडिले, आणि त्याचे प्रायश्चित्त चार निरपराध मुलांस भोगावे लागले. वासुदेवशास्त्र्यांच्या तर स्वतःच्या घरातच वडिलांच्या दूर राहण्याचा अनुभव होता. त्यांनी या सर्वांहून निराळी वाट धरिली. ते थांबले. पत्नीस बरोबर घेऊन तीर्थाटन करीत राहिले.

वाडीहून पुढे मजल दरमजल करीत हे दांपत्य मराठवाड्यात गोदावरीकाठी गंगाखेडास पोहोचले. तेथे १८९१ च्या वैशाखात अन्नपूर्णाबाईंनी देह ठेविला. शास्त्रीबुवांनी त्यांचे उत्तरकार्य केले व चौदाव्या दिवशी त्याच गोदातीरी संन्यास घेतला. पुढे उज्जयिनीस नारायणानंद सरस्वतींकडून दंड ग्रहण केला. चौदा दिवस म्हणजे किती थोडा काळ, असे कोणी म्हणेल व त्यास कठोरपणाही म्हणेल. परंतु आम्हांस त्याचा अर्थ निराळा दिसतो. जी ओढ चौदा दिवसांहून अधिक थांबावयास तयार नव्हती, तीच ओढ एका जिवाच्या जबाबदारीसाठी कित्येक वर्षे दाबून धरिली होती.

या सोळा वर्षांचा ठसा त्यांच्या पुढील ग्रंथरचनेवरही उमटला आहे. सर्वसंगपरित्याग केलेल्या या यतीने ‘शिक्षात्रय’ लिहिले. त्यात कुमार, युवक व वृद्ध अशा तिघांसाठी शिकवण आहे. ‘स्त्रीशिक्षा’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातील विचार त्या काळाचे आहेत व आजच्या सुना-लेकींस ते सगळेच पटतील असे नाही. तथापि संन्याशाने घरातील स्त्रीसाठी लेखणी उचलावी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांस समग्र गुरुचरित्राच्या पारायणास सवड नाही त्यांच्यासाठी ‘सप्तशती गुरुचरित्रसार’ सातशे ओव्यांत रचिला. सवड कोणास नसते? संसारी माणसास. १९०५ साली वाडीस रचिलेली करुणात्रिपदी तर लहान मुलांच्याही तोंडी बसली आहे.

अन्नपूर्णाबाईंविषयी चरित्रग्रंथांत दोन-चार वाक्यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनाबाईंच्या दळणकांडणाची आठवण तिच्या अभंगांनी राखिली. अन्नपूर्णाबाईंनी अभंग रचिले नाहीत; सोळा वर्षे अग्नी राखिला, घाट ओलांडिला व परमुलखात नदीकाठी डोळे मिटिले. टेंबेस्वामींच्या तसबिरीस हार घालताना या माउलीसही मनोमन नमस्कार करावा, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.

वाडीस आजही गृहस्थांचा हा वारसा प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंतची सेवा संसारी पुजारी पाळीपाळीने करितात. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी पादुकांवरून वाहू लागले म्हणजे उत्सवमूर्ती वरच्या बाजूस हलवून पूजा अखंड ठेवितात. २००५, २०१९ व २०२१ या साली महापुराने गावातील घरेच पाण्यात गेली. स्वतःचे घर बुडत असता देवाची पूजा चुकू न देणे, आणि पूर ओसरताच चिखल उपसून पुन्हा संसार मांडणे, हेही एक तपच आहे. त्याची पोथी कोणी लिहीत नाही, एवढेच.

आमचे आयुष्य शाळेत मुलांस इतिहास शिकविण्यात गेले. त्या अनुभवावरून एक सूचना करून लेख पुरा करितो. प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही घालावी. तीत आजोबा-पणजोबांची नावे, जन्ममृत्यूची साले, गाव सोडल्याचे वर्ष व कारण लिहावे. घरात आलेल्या सुनांची माहेरची नावे व गावेही अवश्य लिहावी, कारण वंशावळीत तीच आधी पुसली जातात. ज्यांनी फारसे न बोलता घर सांभाळिले, कोणाचे कर्ज फेडिले, कोणास शिकविले, कोणाच्या आजारपणी रात्री जागविल्या, त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्या. हे काम वडील माणसे हयात आहेत तोवरच व्हावयाचे. येत्या दिवाळीत मुलेबाळे घरी येतील तेव्हा त्यास आरंभ करावा.