पाहुण्यांसाठीं भाजलेला संत्र्याचा केक

ज्युबिलीचे दिवस जवळ आले कीं आमच्या धर्मग्रामांतील घराघरांतून निरोप जाऊं लागतात. कोणाचा भाऊ आखातांतील नोकरीवरून रजा काढून येतो, कोणाची लेक कॅनडांतून मुलाबाळांसह येते. मुंबईस राहणारे तर निरोपाची वाटही पाहत नाहींत. असे पाहुणे यावयाचे असले म्हणजे कित्येक घरांत आदल्या दिवशीं एक ठराविक सुवास दरवळूं लागतो. संत्र्याच्या सालीचा, लोण्याचा व भाजत असलेल्या अंड्यांचा तो सुवास होय. दोन किंवा तीन पातळ थर, मध्यें संत्र्यालिंबाच्या रसाचें पूरण, वर साखरेचा लेप, असा हा केक. देवळाच्या बांधकामाचा, धर्मगुरूंच्या नामावळीचा व देणगीदारांचा वृत्तांत ह्या स्मरणपुस्तिकेंत अन्यत्र येईलच. आम्हीं येथें ह्या केकचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणा वाचकास वाटल्यास त्यांनीं शेवटपर्यंत वाचून मग आपलें मत ठरवावें, इतकीच विनंती.

हा साहेबाचा पदार्थ, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. केक हा शब्द इंग्रजी आहे खरा. परंतु नांव बाजूस ठेवून त्यांतील जिन्नस एकेक हातांत घेतले तर गोष्ट निराळी दिसूं लागते.

प्रथम फळच घेऊं. लिंबू, महाळुंग, पपनस, संत्रें ह्या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशीं, म्हणजे आसाम, उत्तर ब्रह्मदेश व चीनचा युनान प्रांत ह्या टापूंत झाला, असें ह्या फळांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत मांडलें. गोड नारिंग हें पपनस व संत्रें ह्यांच्या संकरांतून निपजलें. पिवळें विलायती लिंबू आंबट नारिंग व महाळुंग ह्यांच्या संकरांतून. आपल्या वैद्यक ग्रंथांतील नारंग हा शब्द फारशींत नारंगच राहिला, अरबींत नारंज झाला, पोर्तुगीजांत लारांजा झाला व इंग्रजांच्या तोंडीं ऑरेंज होऊन बसला. आंबट नारिंग अरबांनीं भूमध्यसमुद्राच्या कांठीं नेलें. गोड नारिंगाचा प्रसार तिकडे पुढें झाला, व त्यांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा हात एवढा मोठा होता कीं अरब त्यास बुर्तुकाल म्हणतात व ग्रीक पोर्टोकाली म्हणतात. एका फळाला एका देशाचेंच नांव पडलें!

त्या दर्यावर्दी लोकांस ह्या फळाची ओढ कां होती, हें वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या दैनंदिनीवरून कळतें. १४९८ सालच्या एप्रिलांत त्याचीं जहाजें आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोंबासास पोंचलीं, तेव्हां तेथील राजाकडून नारिंगें, लिंबें व ऊंस आला. हिरड्या सुजून हातपाय गळालेले खलाशी तेथें बरे झाले. दैनंदिनीकारानें त्याचें श्रेय दिलें तें मात्र तेथील हवेला. परतीच्या वाटेवर, १४९९ सालच्या जानेवारींत, मालिंदीस नांगर पडतांच आजाऱ्यांसाठीं नारिंगें मागविलीं गेलीं. आजाऱ्यांस त्यांचीच ओढ लागली होती. तरीही पुष्कळ जण तेथेंच मरण पावले. पाहुण्यापुढें संत्रें ठेवतांना आम्हांस हे खलाशी आठवतात.

आपल्या बाजारांतील मोसंबें हें गोड नारिंगच होय, आणि त्याचें नांव मोझांबिकवरून पडलें असें मानतात. म्हणजे नारंग ह्या नांवानें जें कुळ ह्या देशांतून बाहेर पडलें, त्यांतलेंच एक फळ आफ्रिकेच्या बंदराचें नांव लेवून माघारीं आलें. संत्र्याविषयीं मात्र एक खुलासा करतों. पोर्तुगालांतील सिंत्रा गांवावरून संत्रें हा शब्द आला, असें कांहीं विद्वान सांगत. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानांतील ह्या जातीच्या फळांची यादी दिली आहे, तींत ‘संगतरा’ आहे. आणि बाबर १५३० सालीं वारला. पोर्तुगीज आल्यावर इतक्या थोड्या वर्षांत एक शब्द उत्तरेपर्यंत रुळावा, हें आम्हांस पटत नाहीं.

साखरेची कथाही अशीच. शर्करा, शकर, सुक्कर, असूकार, शुगर ही नांवांची सांखळी वाचकांनीं स्वतःच म्हणून पाहावी. परंतु साखर युरोपांत स्वस्त झाली ती मदैरा, साओ तोमे व ब्राझील येथील उंसाच्या मळ्यांत, आफ्रिकेंतून धरून नेलेल्या गुलामांच्या घामानें. गोड पदार्थाच्या इतिहासांत हें वाक्य कडू लागेल. तें गाळणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

आतां केक. आरंभीं केक म्हणजे यीस्टनें फुगविलेला गोड पावच असे. अंडीं फेटून त्यांत कोंडलेल्या हवेवर पीठ फुलवावयाची युक्ति स्पेन, पोर्तुगाल व इटली ह्या देशांत रूढ झाली. पोर्तुगीज लोक असा केक सोळाव्या शतकांत जपानांत नागासाकीस घेऊन गेले. तेथें कास्तेला ह्या नांवानें तो आजही विकला जातो. इंग्लंडांत जर्व्हेस मार्कमनें १६१५ सालच्या आपल्या गृहिणींच्या ग्रंथांत असा एक ‘बिस्किट पाव’ दिला आहे. एक पौंड पीठ, एक पौंड साखर, अंडीं, बडीशेपेसारखे दाणे व, आमच्या भगिनींस ऐकून कौतुक वाटेल, धने! हें मिश्रण जवळजवळ तासभर फेटावें, असें तो सांगतो. फेटणाऱ्या बाईचा हात किती दुखे, हें त्यानें लिहिलें नाहीं.

त्या हातास विसांवा मिळाला तो १८४३ सालीं. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्रेत्याच्या पत्नीस यीस्ट सोसत नसे. तिच्याकरितां त्यानें बेकिंग पावडर सिद्ध केली. आम्ल व सोडा ओले झाले कीं वायु सुटतो व पीठ फुगतें. लिंबाचा रस सोड्यावर पडतांच फेंस येतो, त्यांतलेंच तत्त्व. घरांतील एका आजारी माणसाच्या काळजीनें साऱ्या जगाची चूल बदलली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १८६१ सालच्या मिसेस बीटनच्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकांत दोन थरांमध्यें मुरंबा घातलेलें ‘व्हिक्टोरिया सँडविच’ आढळतें. संत्र्यालिंबाचा थरांचा केक आम्हांस अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांतल्या गृहिणींच्या १८७९ सालच्या पाककृतिसंग्रहांत सांपडतो, व तो तेथील यादवी युद्धांतील सेनापति रॉबर्ट ली ह्याच्या नांवानें आहे. बारा अंडीं घ्यावीं. अंड्यांच्या भारोभार साखर व निम्म्या भारानें मैदा घ्यावा. पातळ थर भाजावे. पांच संत्रीं व तीन लिंबें ह्यांचा रस साखरेंत कालवून थरांस लावावा.

हें वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध झालों. कारण अंड्यांचा भार वजन म्हणून वापरणें आम्हीं ह्यापूर्वीं एकाच ठिकाणीं पाहिलें होतें, आणि तें म्हणजे आमच्या वृद्ध आत्याबाईंच्या स्वयंपाकघरांत. त्यांस इंग्रजी येत नव्हतें, आणि व्हर्जिनियाचें नांवही त्यांनीं ऐकलें नसावें. तराजूच्या एका पारड्यांत त्या अंडीं ठेवीत व दुसऱ्यांत साखर ओतीत. मग निम्मीं अंडीं काढून मैदा जोखीत. अंडें लहान असो वा मोठें, प्रमाण चुकत नसे. ही रीत त्यांच्याकडे कोठून आली? त्या म्हणत, ‘आईकडून.’ ह्यापलीकडे त्यांचा इतिहास जात नसे.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती व त्या काळानें आपल्या भाषेस पाव हा शब्द दिला. गोव्यांतील बिबिंकही थरांचीच, परंतु तिचे थर नारळाच्या दुधाचे, आणि एक भाजल्यावर त्यावरच दुसरा ओतून वरून विस्तव देऊन केलेले. आत्याबाईंचा केक निराळा. पत्र्याच्या साच्यांत पीठ ओतून तो वाळू घातलेल्या पातेल्यांत ठेवीत. खालीं चूल, झांकणावर निखारे. वाळूचा ताव मंद असल्यामुळें जाड केक वरून करपे व आंत कच्चा राही. म्हणून त्या पातळ थर करीत. थर शोभेसाठीं असतात असा आमचा समज होता. ते विस्तवाच्या मर्यादेमुळें आले, हें आम्हांस त्यांच्याजवळ बसल्यावर उमजलें. पुढें गांवांत बेकरी झाली तेव्हां त्या संध्याकाळीं साच्यांवर कोळशाची खूण करून ते भट्टीवर पाठवूं लागल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळाविषयीं त्या फारसें बोलत नसत. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. पाहुणा येणार असला कीं महिनाभर चहा गुळाचा होई, एवढें मात्र त्या सांगत. इकडे हें, तर विलायतेंत १९४० सालच्या जानेवारीपासूनच साखर व लोणी मोजून मिळूं लागलें होतें. त्याच वर्षीं केकवर साखरेचा लेप देण्यास बंदी झाली आणि लग्नांतील केकवर पुठ्ठ्याचें रंगविलेलें आवरण ठेवून तसबिरी काढण्यांत आल्या.

आत्याबाई गेल्या तेव्हां शोधूनही त्यांची वही सांपडली नाहीं, कारण ती नव्हतीच. त्याच नाताळांत परदेशाहून आमचे एक बंधु येणार होते. आम्हीं मोठ्या हौसेनें केक केला. संत्र्याची साल किसतांना आंतला पांढरा भागही किसला गेला. सुगंधी तेल असतें तें बाहेरील रंगीत सालींतील सूक्ष्म पिशव्यांत. पांढरा भाग कडू. आत्याबाई साखरेचा खडा सालीवर घासून तेवढें तेलच उचलीत, हें आम्हीं शेंकडों वेळां पाहिलें होतें व एकदांही लक्षांत ठेवलें नव्हतें. बंधूंनीं दोन तुकडे मुकाट्यानें खाल्ले. मग म्हणाले, ‘आत्याचा कडू नसे.’ त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

तेव्हांपासून आम्ही गांवांतील वडीलधाऱ्या भगिनींकडे जाऊन विचारूं लागलों. देवळाच्या घंटेवर ती देणाऱ्याचें नांव कोरलेलें असतें. तासभर अंडीं फेटणाऱ्या हातांची नोंद कोणत्याच वहींत नाहीं, ह्याची आम्हांस खंत वाटते. जें जमलें तें येथें देतों. पूरणासाठीं रस, साखर, अंड्यांचा बलक व लोणी मंद आंचेवर ढवळावें. उकळी येऊं देऊं नये, नाहींतर बलकाच्या गुठळ्या होतात. थर पूर्ण निवल्याखेरीज पूरण लावूं नये. केक पाहुणे यावयाच्या आदल्या दिवशींच करावा, म्हणजे रात्रभरांत रस थरांत मुरतो. त्याच दिवशीं कापलेला केक कोरडा लागतो व पाहुण्यास दोष देतां येत नाहीं.

आत्याबाईंचा तराजू आमच्याकडे आहे. त्याचें एक पारडें चेपलेलें आहे. तें वर उचललें जातें म्हणून त्या बाजूस त्यांनीं एक जुना पैसा चिकटवून ठेवला होता. तो अद्याप तेथेंच आहे. यंदा ज्युबिलीस आमचे बंधु पुन्हां येणार आहेत, आणि बारा अंडीं आम्हीं सांगून ठेविलीं आहेत.