संगीतनिर्मिती आज्ञावली
संगीतनिर्मिती आज्ञावली : वाद्यांना द्यावयाच्या सूचना क्रमवार साठवून त्या वेळेवर पाठविणे आणि प्रत्यक्ष ध्वनी अंकीय स्वरूपात मुद्रित करणे, ही दोन्ही कामे एकाच कालरेषेवर करणारी संगणकीय आज्ञावली. सूचनांची नोंद ठेवणाऱ्या साधनास अनुक्रमक (सीक्वेन्सर) म्हणतात. सर्वसामान्य वैयक्तिक संगणकावर या दोहोंचा संयोग करणारी पहिली विक्रीयोग्य आज्ञावली ‘स्टुडिओ व्हिजन’ ही होय. ती कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील ओपकोड सिस्टिम्स या कंपनीने १९९० मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आणली. तीपूर्वी ही दोन कामे वेगवेगळ्या यंत्रांवर होत व त्यांचा मेळ घालणे हे ध्वनितंत्रज्ञापुढील एक कटकटीचे काम असे.

अनुक्रमकाची मूळ कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या स्वयंचलित पियानोमध्ये भोके पाडलेली कागदी गुंडाळी फिरे आणि प्रत्येक भोक एकेका पट्टीला वाजण्याची आज्ञा देई. गुंडाळीत ध्वनी नसून केवळ आज्ञा असल्यामुळे ती हळू फिरविली तर गत मंदावे, पण स्वर उतरत नसे. विद्युतीय वाद्यांना अशी समान ‘आज्ञाभाषा’ १९८३ मध्ये मिळाली. डेव्ह स्मिथ व चेट वुड यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँड कंपनीसह अमेरिकी व जपानी उत्पादकांच्या सहकार्यातून ‘मिडी’ हे प्रमाण सिद्ध झाले. यात दर सेकंदास ३१,२५० बिट (द्विमान अंक) या वेगाने संदेश जातात. ‘अमुक स्वर, अमुक जोराने सुरू’ हा संदेश अवघ्या तीन बाइटांचा (बाइट म्हणजे आठ बिटांचा गट) असतो व तो पोचण्यास सु. एक सहस्रांश सेकंद लागतो. संदेश इतके हलके असल्यामुळे त्या काळच्या लहान संगणकांनाही ते सहज पेलले. हँबर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीची ‘प्रो-१६’ (१९८४) कमोडोर ६४ वर चाले. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी संगणकाला तर मिडीच्या खाचा मुळातच बसविलेल्या होत्या. त्यावर ‘क्रिएटर’ (१९८७) व ‘क्यूबेस’ (१९८९) या आज्ञावली लोकप्रिय झाल्या. मॅकिंटॉशवर मार्क ऑफ द युनिकॉर्न या कंपनीची ‘परफॉर्मर’ (१९८५) आणि ओपकोडची ‘व्हिजन’ (१९८९) यांचा जम बसला.

मिडीची घडण मात्र स्वरपट्टीच्या कल्पनेवर झालेली आहे. स्वर सुरू होतो, स्वर थांबतो, आणि स्वरांची संख्या १२८. स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांचा स्वतंत्र संदेश आहे खरा. पण तो एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच लागू होतो. पियानो किंवा ढोलवादन या चौकटीत चांगले बसते. सारंगीची मींड, गायकाचे गमक, किंबहुना शब्दोच्चारासह गायिलेली कोणतीही ओळ तीत बसत नाही. म्हणून अनुक्रमकावर अख्खा वाद्यवृंद रचता येत असला, तरी गाणे तेथे पोरकेच राहिले.

गाण्यासाठी ध्वनीच मुद्रित करणे भाग होते. संगणकाद्वारे ध्वनी निर्माण करण्याचा प्रयोग बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूझ यांनी १९५७ मध्येच केला होता आणि टॉमस स्टॉकम यांच्या साउंडस्ट्रीम कंपनीने (स्थापना १९७५) अंकीय ध्वनिमुद्रण व्यावसायिक उपयोगात आणले होते. अडचण होती ती आकारमानाची. संहत तबकडीच्या प्रमाणानुसार दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन असे धरल्यास एका मिनिटाच्या ध्वनीला सु. १ कोटी ६ लक्ष बाइट लागतात. याउलट दहा हजार स्वरांच्या रचनेतील सर्व आरंभ-समाप्ती संदेश साठ हजार बाइटांत मावतात. सिडनीचे फेअरलाइट व अमेरिकेतील सिंक्लाव्हियर या यंत्रांनी नमुनामुद्रित ध्वनी व अनुक्रमक यांना एकत्र आणले होते. परंतु ती यंत्रे श्रीमंत ध्वनिमुद्रणगृहांपुरतीच राहिली. इतरांनी तडजोड स्वीकारली. बहुमार्गी फितीच्या एका मार्गावर कालसंकेत मुद्रित करावयाचा आणि तो वाचून संगणकाने फितीमागोमाग धावावयाचे. यात एक मार्ग वाया जाई, प्रत्येक वेळी फीत मागे गुंडाळण्याची वाट पाहावी लागे, आणि मुख्य म्हणजे फितीवरील कडवे उचलून दुसरीकडे ठेवता येत नसे.

पीटर गॉचर व इव्हन ब्रुक्स यांच्या डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये ‘साउंड टूल्स’ ही सामग्री आणली. तीत मॅकिंटॉशमध्ये बसविण्याचे मंडलपत्र होते व त्यावरील स्वतंत्र संस्कारक ध्वनीचे गणित सांभाळी. त्यामुळे दोन वाहिन्यांचा ध्वनी संगणकाच्या चकतीवर मुद्रित करता येऊ लागला. ओपकोडने आपल्या ‘व्हिजन’ला या सामग्रीची जोड दिली व त्यातून ‘स्टुडिओ व्हिजन’ सिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य वाहिन्यांच्या संख्येत नव्हते. फितीच्या मानाने दोन वाहिन्या म्हणजे काहीच नव्हे. एकाच चौकटीत मिडीचे स्वर आडव्या पट्ट्यांच्या रूपात आणि ध्वनी तरंगाकृतीच्या रूपात शेजारी दिसत व दोहोंना तीच संपादनक्रिया लागू पडे, हे ते वैशिष्ट्य. तरंगाकृतीचा तुकडा कापला तरी चकतीवरील मूळ मुद्रण अबाधित राही. आज्ञावली फक्त ‘येथून येथपर्यंतचा भाग या क्षणी वाजवावा’ अशी नोंद ठेवी. म्हणजे ध्वनीलाही गुंडाळीतील भोकासारखे आज्ञेचे रूप आले. एकदा गायिलेले ध्रुवपद तीन ठिकाणी ठेवता येऊ लागले.

तथापि दोहोंतील मूलभूत भेद यामुळे मिटला नाही. लय मिनिटास १०० मात्रांवरून ११० केली की मिडीचे स्वर आपोआप जवळ येतात. मुद्रित आवाज मात्र तेवढाच लांब राहतो आणि गाणे वाद्यांच्या मागे पडते. स्वर न बदलता ध्वनीची लांबी बदलण्यास बरेच गणित करावे लागते व त्या काळच्या संस्कारकांना ते वादन चालू असताना शक्य नव्हते. परिणामी लय आधीच निश्चित करण्याकडे कल झाला. यंत्राच्या ठोक्यावर गाण्याची सवय त्यापूर्वीचीच. पण या आज्ञावलींनी ती अधिक घट्ट केली, असे म्हणावे लागते. दुसरा प्रश्न घड्याळांचा होता. नमुने मोजणारे घड्याळ व संगणकाचे घड्याळ यांत दहा लक्षांत पन्नास भाग इतका फरक असला, तरी पाच मिनिटांत १५ सहस्रांश सेकंदांची तफावत पडते आणि तरबेज कानाला ती जाणवू शकते. ध्वनीचे घड्याळ प्रमाण मानून सूचनांनी त्यामागे चालावे, हा त्यावरील उपाय होय.

ओपकोडला प्रतिस्पर्धी लवकरच मिळाले. ‘डिजिटल परफॉर्मर’ त्याच वर्षी आली. पुढे ‘क्यूबेस ऑडिओ’ व ‘लॉजिक ऑडिओ’ आल्या. खुद्द डिजिडिझाइनने १९९१ मध्ये चार मार्गांची ‘प्रो टूल्स’ सु. ६,००० डॉलर किंमतीस आणली. खर्चाचा मोठा भाग वेगळ्या मंडलपत्राचा असे. संगणकांचे संस्कारक वेगवान झाल्यावर स्टाइनबर्गने १९९६ मध्ये ‘क्यूबेस व्हीएसटी’द्वारे मिश्रण व प्रतिध्वनीसारखे संस्कार संगणकाच्या मूळ संस्कारकाकडूनच करवून घेतले. तेव्हापासून ही साधने घरगुती खोलीत पोचली.

आरंभकर्त्या कंपनीच्या वाट्याला हे यश आले नाही. गिटार बनविणाऱ्या गिब्सन कंपनीने १९९८ मध्ये ओपकोड विकत घेतली आणि १९९९ मध्ये तिचे काम थांबले. २००१ मध्ये मॅकिंटॉशची नियंत्रण प्रणालीच बदलली. ‘स्टुडिओ व्हिजन’मध्ये केलेल्या रचना जुना संगणक जपून ठेवल्याशिवाय उघडता येईनाशा झाल्या. मिडीचे स्वर १९८८ पासून प्रमाणित असलेल्या संचिकारूपात आधीच उतरवून ठेवले असतील तर ते वाचतात, ध्वनीचे मूळ तुकडेही चकतीवर सापडतात. परंतु कोणता तुकडा कोणत्या क्षणी वाजावा, ही त्या दोहोंना जोडणारी नोंद ओपकोडच्या स्वतःच्या मांडणीत होती व ती वाचणारी आज्ञावली उरलेली नाही. फितीवरील मुद्रण त्याहून जुने असूनही, फीत खराब झालेली नसल्यास आणि जुळणारा फीतमुद्रक मिळाल्यास, पुन्हा ऐकता येते.