गाव, तालुका की जिल्हा? सीमाभागातील मोजणीचा इतिहास

सीमाप्रश्नावर बोलताना दोन्ही बाजू जनगणनेचे आकडे पुढे करतात. तो आकडा कोणत्या घटकाचा आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातून आलेला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आमच्या मते सीमाभागाचा निम्मा इतिहास याच दोन प्रश्नांत दडलेला आहे.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. जिल्हा एकसंध धरला, की त्यातील मराठी गावे सरासरीत विरून जातात. तरीही आयोगाने मराठीबहुल चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून वेगळा काढला. तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. उरलेला जिल्हा 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला. घटक लहान केला की उत्तर बदलते, हे आयोगाच्या त्या एका अपवादानेच सिद्ध केले.

आंध्र व मद्रास यांच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकर यांनी गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे वापरली. महाराष्ट्राने याच तत्त्वांवर 814 गावे मागितली. 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 गावे म्हैसूरला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. येथे एक गोष्ट आम्ही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गाव हा घटक मागायचा, तर तो जत आणि अक्कलकोटच्या कन्नडभाषक गावांनाही लागू होतो. न्यायाची मोजपट्टी दोन्ही बाजूंना सारखीच असावी लागते.

काळाच्या तुलनेतही असाच धोका आहे. 1881 च्या खानेसुमारीत मातृभाषा विचारली गेली, 1891 मध्ये आईवडिलांची भाषा, तर 1901 मध्ये नेहमीच्या वापरातली भाषा. प्रश्न बदलला की उत्तरांची थेट तुलना करता येत नाही. शिवाय गावे शहरात विलीन होतात, तालुक्यांच्या हद्दी बदलतात. म्हणून जुन्या व नव्या नोंदी आधी एकाच हद्दीत बसवून घ्याव्या लागतात. टक्केवारी घटली म्हणजे माणसे घटलीच, असेही नसते. बाहेरून इतर भाषक आले तरी ती घटते. त्यामुळे टक्क्यासोबत प्रत्यक्ष संख्या पाहणे आवश्यक ठरते.

2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. आपल्या हाती शेवटचे आकडे 2011 चे आहेत. पुढच्या वेळी गणक दारात येईल, तेव्हा घराघरातून मातृभाषा नेमकी सांगितली जावी आणि कागदावर तीच उतरली आहे, हे पाहून घ्यावे. चुकीची नोंद पुढे कितीही मोर्चे काढले तरी दुरुस्त होत नाही. मोर्चातील घोषणा त्या दिवसापुरती असते. नोंद मात्र पुढच्या पिढ्यांसमोर साक्षीला उभी राहते.