पुढची वाट : परिक्रमेच्या मार्गाचा फोटो कुणाकडे आहे?



आपल्या जबलपूरकर मराठी मंडळींपैकी बहुतेकांच्या घरी ग्वारीघाटावरचा एक तरी फोटो असतोच. संक्रांतीच्या स्नानाचा, कुणाच्या मुंजीनंतरचा, नाहीतर नागपूर-पुण्याकडून पाहुणे आले म्हणून त्यांना घेऊन गेलो तेव्हाचा. मंडळी ओळीने उभी आणि मागे नदी. पण त्याच घाटावरून काठाकाठाने पुढे जी वाट जाते, तिचा फोटो किती जणांकडे आहे? मी गेली चार-पाच वर्षे ओळखीच्या घरांतून हा प्रश्न विचारतो आहे. उत्तर बहुधा एकच मिळते, "वाटेचा कशाला फोटो काढायचा?"

या 'कशाला'चे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

परिक्रमेचा नियम आपण सर्व जाणतो. नर्मदामैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही. दक्षिण तटाने समुद्राकडे जायचे, विमलेश्वरहून नावेने खाडी पार करून मिठीतलाईला उतरायचे आणि उत्तर तटाने परत यायचे. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून चाल अडीच हजार किलोमीटरच्या वर जाते. चातुर्मासाचे मुक्काम धरून शास्त्रोक्त परिक्रमेला ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवस लागतात असे मानतात. एवढ्या मोठ्या चालीत देवळे, घाट आणि आश्रम येतात ते मधूनमधून. बाकी सारा वेळ डोळ्यांसमोर असते ती पुढची वाट आणि पुढच्याची पाठ.

या वाटेवर मराठीत लिहिले गेले आहे. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी नर्मदेचा काठ तुडवला आणि त्यातूनच पुढे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली. अलीकडे जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' वाचून कितीतरी मराठी माणसे परिक्रमेला निघाली. आपल्या जबलपूरचे अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) तर शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार. त्यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूर ते मंडला असा पहिला टप्पा पायी केला. मग टप्प्याटप्प्याने ते चालत राहिले. त्यांची रेखाटने आणि कागदाची कोलाज चित्रे पाहिली की घाटावरच्या बायाबापड्या, डोक्यावर गाठोडे घेतलेले परिक्रमावासी डोळ्यांपुढे उभे राहतात.

वेगड ज्या काठाने तेव्हा चालले, त्यातला बराचसा भाग आज पाण्याखाली आहे. बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरचे हे पहिले मोठे धरण. त्याचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब पसरला आणि १६२ गावांना त्याची झळ बसली. पुढे इंदिरासागर झाले. २००४ मध्ये हरसूद हे आख्खे गाव उठले. मग ओंकारेश्वरचे धरण आले. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. शूलपाणीच्या झाडीतली जी वाट जुने परिक्रमावासी थरथरत सांगत, तीही बरीचशी पाण्यात गेली. आजचा परिक्रमावासी जलाशय आला की काठ सोडून डांबरी रस्त्याने वळसा घालतो. परिक्रमा चालू आहे, पण वाट बदलली आहे.

धरणाने पाणी दिले, वीज दिली, हे मी नाकारत नाही. मी स्वतः डिप्लोमा इंजिनियर आहे आणि रेल्वेत रुळाचे काम पाहतो. काम करायचे म्हणजे जमीन बदलणारच. पण आमच्या खात्यात एक शिस्त आहे. रुळाची जागा बदलली तर जुनी रेषा कुठे होती याची कागदावर नोंद राहते. किलोमीटरचा खांब, वळणाचा अंश, पुलाचा क्रमांक, सर्व लिहिलेले असते. परिक्रमेच्या वाटेला असा नकाशा नव्हता. ती लोकांच्या पायांत होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. १९८३ च्या हिवाळ्यात आमचे बाबा ऑफिसातल्या चार सहकाऱ्यांबरोबर ग्वारीघाट ते मंडला असे पायी गेले. तेही रेल्वेतच होते. रजा मोजकी, म्हणून एवढाच टप्पा. बरोबर आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा आणि दोन रोल होते. एका रोलवर १२ फोटो, म्हणजे सारे मिळून २४. प्रत्येक फोटो तोलूनमापून काढायचा. घरच्या अल्बममध्ये त्यातले २१ आहेत. देवळे आहेत, सहकारी आहेत, चुलीवर टिक्कड भाजणारे एक बुवा आहेत. आणि एका फोटोत कुणीच नाही. नुसती पायवाट, उजवीकडे नदीची पांढरी पट्टी, डावीकडे एक बाभूळ, समोर दोन टेकड्या आणि त्यांच्यामध्ये खाच. मी लहानपणी विचारले होते, "बाबा, हा कसला फोटो?" ते म्हणाले, "अरे, रोलमध्ये एक शिल्लक होता. रोल धुवायला द्यायचा होता, म्हणून समोर दिसले ते काढले."

बाबा गेल्यावर तो अल्बम माझ्याकडे आला. ती जागा शोधायची म्हणून दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी बरगीच्या जलाशयावर गेलो. मागे फक्त '१९८३, मंडल्याच्या अलीकडे' एवढेच लिहिलेले. चार ठिकाणी विचारून झाले. शेवटी मासेमारी करणारे एक वयस्कर गृहस्थ भेटले. फोटो त्यांनी उन्हात धरला, लांब केला, जवळ आणला. म्हणाले, "ये टोरिया तो हमारी है." टोरिया म्हणजे टेकडी. मग त्यांनी पाण्यापलीकडे बोट दाखवले. दोन टेकड्या, मध्ये खाच. बुडखा पाण्यात गेला होता, पण माथ्याची रेषा तीच होती. वाट त्यांच्या शेताच्या बांधावरून जात असे. परिक्रमावासी त्यांच्या घरी सदाव्रत घेत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ. त्यांच्या आईने कुणाला कधी रिकामे पाठवले नाही, असे सांगत होते.

निघताना त्यांनी एकच मागितले, "इसकी एक कॉपी हमें भी देना." गावाचा, शेताचा, घराचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. नातवंडांना दाखवायला फक्त पाणी आहे. पुढच्या महिन्यात मी मोठी प्रत काढून नेऊन दिली.

पंढरीच्या वारीचेही असेच आहे. वारीचे फोटो असंख्य निघाले. संदेश भंडारे यांचे 'वारी : एक आनंदयात्रा' हे पुस्तक, उद्धव ठाकरे यांनी हवेतून टिपलेली 'पहावा विठ्ठल'मधली दृश्ये आपण पाहिली आहेत. पण वृत्तपत्रातला नेहमीचा फोटोग्राफर दिंडीच्या पुढे जाऊन, तोंड मागे वळवून फोटो काढतो. दिवे घाट चढताना वारकऱ्याला स्वतःला समोर काय दिसते, त्याचा फोटो क्वचितच सापडतो. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद झाला, सोय झाली, आणि कडेची जुनी झाडे अनेक ठिकाणी गेली. दि. बा. मोकाशी यांच्या १९६४ च्या 'पालखी' या पुस्तकातला रस्ता आता शब्दांतच शोधायचा.

हरवलेली वाट पुन्हा शोधावी लागते तेव्हा काय कष्ट पडतात, याचे उदाहरण स्पेनमध्ये आहे. सांतियागोच्या यात्रेची जुनी पायवाट शेतांत आणि हमरस्त्यांत मिसळून गेली होती. ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास व्हालिन्या यांनी ती हुडकून काढली आणि १९८४ मध्ये झाडांवर, दगडांवर पिवळे बाण रंगवत गेले. आज जगभरचे लाखो लोक त्या बाणांवरून चालतात. त्यांची वाट निदान कोरड्या जमिनीवर होती!

तेव्हा आपल्यातले जे कुणी परिक्रमेला, वारीला किंवा एखाद्या छोट्या पदयात्रेला निघतील, त्यांना चार गोष्टी सुचवतो. आता रोल संपण्याची भीती नाही. खिशातल्या मोबाईलवर शेकडो फोटो मावतात. रोज निदान चार वेळा थांबून फक्त पुढच्या वाटेचा फोटो काढा. चौकटीत काहीतरी न हलणारे घ्या, जसे टेकडीची रेषा, देवळाचा कळस, मोठा दगड किंवा पार. आल्प्समधल्या हिमनद्यांचे फोटो एकोणिसाव्या शतकापासून त्याच जागेवर उभे राहून पुन्हा पुन्हा काढत आले आहेत. जागा ओळखू येते ती अशाच खुणांवरून. दुसरे, तारीख, जवळचे गाव आणि कोणत्या दिशेला तोंड होते ते त्याच दिवशी वहीत लिहा. तिसरे, एखाद्या वयस्कर गावकऱ्याला विचारा की पूर्वी वाट कुठून जात होती. चौथे, घरी आल्यावर निवडक फोटो कागदावर छापून घ्या. मोबाईल बदलतो, पासवर्ड विसरतो, पण बाबांचा अल्बम चाळीस वर्षे टिकला.

आणखी एक विनंती. १९९० पूर्वी ज्यांच्या घरातले कुणी बरगी-मंडला बाजूला काठाने चालले असेल, त्यांनी जुने अल्बम एकदा उघडून पाहावेत. रोल संपवण्यासाठी काढलेला, कुणीच नसलेला एखादा फोटो निघाला तर तो फेकू नका. आरतीला येताना घेऊन या. मी त्याची प्रत काढून मूळ फोटो परत देईन. मग आपण दोघे मिळून ती टेकडी शोधायला जाऊ.

गणपती बाप्पा मोरया!