चोवीस आठवड्यांची रेषा

इथे ब्रिटनमध्ये बाळ मृत जन्माला आलं, तर नोकरदार आईला बाळंतपणाची रजा मिळते का? मिळते, पूर्ण ५२ आठवडे, आणि नोकरीच्या नेहमीच्या अटी पुऱ्या झाल्या असतील तर त्यातल्या ३९ आठवड्यांचे पैसेही. मात्र गर्भ २४ आठवड्यांचा झालेला हवा. त्याआधी गेला तर कायद्याच्या लेखी तो गर्भपात. मग आजारपणाची रजा टाकायची. नोकरीला लागलो तेव्हा रजेच्या नियमांत ही ओळ वाचली आणि तिथेच अडलो. आम्हा इंजिनिअर लोकांना आकडा दिसला की तो आला कुठून हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

गोष्ट १९११ पासूनची. लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला आणि १९१३ पासून विमा असलेल्या कामगाराच्या घरी बाळंतपणाला ३० शिलिंग मिळू लागले. कामकरी बायकांच्या सहकारी गिल्डने आवाज उठवल्यावर ती रक्कम त्याच वर्षी कायद्याने आईच्या मालकीची झाली. पुढच्या विमा कायद्यांनी बाळंतपणाची व्याख्याच अशी केली: मूल जिवंत असेल तर केव्हाही, २८ आठवड्यांनंतर जिवंत असो वा मृत. पैसे होते बाळंतिणीसाठी. बाळ गेलं म्हणून तिच्या कळा काही कमी झालेल्या नसतात!

मग २८ का? त्याआधी जन्मलेलं मूल सहसा जगत नाही, असा तेव्हाचा हिशेब. जुलै १९२७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये मृतजन्मांची नोंद सक्तीची झाली, तीही याच आकड्याने. त्यामागे सांत्वन वगैरे काही नव्हतं. जिवंत बाळाला मारून 'मेलेलंच जन्मलं' म्हणून पुरण्याला आळा घालायचा होता, शिवाय आरोग्यखात्याला आकडे हवे होते.

पुढे नवजात बाळांचे व्हेंटिलेटर आणि काचेच्या पेट्या सुधारल्या, कमी दिवसांची बाळं वाचू लागली आणि १ ऑक्टोबर १९९२ पासून रेषा २४ वर आली. तिच्यामागोमाग पैशांचे नियमही सरकले. म्हणजे मृत बाळाच्या आईचा हक्क कुठून सुरू होतो, हे ठरलं जगणाऱ्या बाळांच्या यंत्रांवरून.

बाळाच्या अंत्यविधीचा आणि आईबापांच्या दुःखाचा विचार व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडलं. आपला मुलगा गमावलेल्या खासदार कॅरोलिन हॅरिस यांच्या पाठपुराव्याने जुलै २०१९ पासून इंग्लंडमध्ये मुलांच्या अंत्यविधीचं शुल्क सरकार भरू लागलं, मृत जन्मलेल्या बाळांचंही. एप्रिल २०२० पासून आई आणि बाप दोघांनाही दोन आठवड्यांची शोकरजा आली. रेषा तीच, २४ ची.

आता आपल्याकडचं पाहा. मुंबई कौन्सिलात १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपण भत्त्याचं बिल आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. १९२९ मध्ये कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने तर 'मूल' या शब्दातच मृत जन्मलेलं मूल धरलं आणि गर्भपातालाही सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. ब्रिटनच्या कायद्यात अशी रजा नव्हती. अर्थात शेतात राबणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत तो कायदा पोचलाच नाही, हेही तितकंच खरं.

इथे रेषा आठवड्यांची, तिथे मस्टरवर नाव असण्याची. तेवीस आठवडे सहा दिवसांच्या बाळाची इथली आई आणि ऊसतोडीच्या फडावर बाळ गमावलेली तिथली आई, दोघींना मी एवढंच सांगू शकतो की या रेषा माणसांनीच आखल्यात आणि त्या याआधी सरकलेल्या आहेत.