अत्याचाराची जखम वैद्यकशास्त्राला कधी दिसू लागली?

अत्याचार सोसलेले मूल किंवा स्त्री दवाखान्यात येते तेव्हा तक्रार बहुधा वेगळीच असते. पोट दुखते, झोप लागत नाही, मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. तपासण्या नॉर्मल येतात आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असे सांगून बोळवण होते. ही बोळवण फार जुनी आहे. ती कशी कमी होत गेली आणि बरे होण्याबद्दल त्यातून काय कळले, ते आज पाहू.

दिसूनही न पाहिलेले

1860 मध्ये पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआझ तार्दिय यांनी क्रूर वागणुकीला बळी पडलेल्या 32 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातली 18 मुले दगावली होती. मारणारे बहुतेक जण आईवडीलच होते. सहकाऱ्यांनी या लेखाकडे फारसे लक्ष दिले नाही.

1896 मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडले की हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणीचा लैंगिक अत्याचार असतो. पुढच्याच वर्षी त्यांचा या सिद्धांतावरचा विश्वास उडाला. पुढे कित्येक दशके अशा आठवणींना रुग्णाच्या मनाचे खेळ मानण्याकडे डॉक्टरांचा कल राहिला. सांगणाऱ्यावर विश्वास न ठेवणे हाच जणू नियम झाला.

एक्स-रेने दिलेली साक्ष

1946 मध्ये अमेरिकी रेडिओलॉजिस्ट जॉन कॅफी यांनी मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या सहा बाळांच्या हातापायांतही फ्रॅक्चर असल्याचे नोंदवले. 1962 मध्ये हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला नाव दिले: 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम', म्हणजे मारहाण झालेल्या मुलाची लक्षणे. 71 रुग्णालयांतून त्यांना एका वर्षातील अशा 302 मुलांची माहिती मिळाली. त्यातली 33 दगावली होती. पाच वर्षांत अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी अशा घटना कळवण्याचे कायदे केले.

हाडाची जखम मान्य झाली, मनाची व्हायला आणखी वेळ लागला. 1974 मध्ये ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतर दिसणाऱ्या भीती, दुःस्वप्ने, दचकणे अशा लक्षणांचे वर्णन केले. 1980 मध्ये 'पीटीएसडी' हे निदान अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आले. लक्षणे रुग्णाच्या स्वभावातला दोष नसून घडलेल्या घटनेचा परिणाम आहेत, हे त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाले.

बरे होणे कसे असते?

1992 मध्ये मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचा शोक करणे आणि शेवटी माणसांशी, रोजच्या जगण्याशी पुन्हा नाते जोडणे. हा क्रम घरच्यांनी नीट लक्षात ठेवावा. मारणारा अजून घरात असताना "मन मोकळे कर" असे म्हणणे उपयोगाचे नाही. टप्पे सरळ रेषेतही येत नाहीत. मागे जावे लागले तर ते अपयश समजू नये.

दुसरी मोलाची माहिती हवाई बेटांपैकी काउआई इथून आली. 1955 मध्ये तिथे जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणे, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचे माणूस होते. कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक. म्हणजे सावरण्याची ताकद काही अंशी दुसऱ्याकडूनही मिळते.

पण त्या भरवशाच्या माणसाचे काय? 1990 मध्ये लिसा मॅकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी दाखवून दिले की इतरांच्या आघाताच्या कहाण्या सतत ऐकणाऱ्यांच्या मनावरही घाव पडतो. अशा आईला, मावशीला, समुपदेशकाला झोप उडणे, चिडचिड, माणसांवरचा विश्वास उडणे असे त्रास होऊ शकतात. भार वाटून घेणे, स्वतःसाठी मदत मागणे हा उपचाराचाच भाग आहे.

मुंबईतले पाऊल

2001 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रीला रुग्णालयातच समुपदेशन मिळू लागले. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणे बंधनकारक केले. 2013 पासून बलात्कार पीडितेला सरकारी तसेच खासगी रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार देणे सक्तीचे आहे. मदतीसाठी मुलांकरिता 1098 आणि स्त्रियांकरिता 181 हे क्रमांक आहेत.

तार्दिय यांच्या लेखापासून केंप यांच्या लेखापर्यंत शंभर वर्षे गेली. पुरावा आधीही होता, ऐकणारे नव्हते. म्हणून कुणी सांगू लागले तर "का गेलीस?", "आधी का नाही बोललास?" असे विचारू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही," एवढे म्हणा. मग सुरक्षिततेची सोय पाहा आणि डॉक्टरांकडे सोबत जा.