संमती आणि संवाद (समलिंगी प्रेमकथांमधील)

दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट सांगताना लेखक त्यांच्यातला होकार, नकार आणि बोलणं कसं रंगवतो, याची ही नोंद आहे. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत विचारण्याच्या वाटा ठरलेल्या असतात: चिठ्ठी, मैत्रिणीकरवी निरोप, नाहीतर थेट बघण्याचा कार्यक्रम. समलिंगी जोडीला अशी एकही वाट कोणी आखून दिलेली नसते. विचारलं आणि समोरचा तसा नसला, तर नुसत्या नकारावर भागत नाही. गोष्ट गावभर होते. त्यामुळे या कथांत संमतीचा प्रश्न जागेच्या प्रश्नाला चिकटून येतो. दोघांना न घाबरता, कोणाच्या कानावर न जाता बोलायला जागा आहे का? नसेल, तर होकार हा अंदाजच राहतो.

चित्रकथेच्या प्रकारात हा विषय सर्वांत मन लावून हाताळला आहे तो इंग्लंडच्या अ‍ॅलिस ओसमन यांच्या ‘हार्टस्टॉपर’ने. 2016 मध्ये ही मालिका इंटरनेटवर सुरू झाली, मग पुस्तकरूपात आली आणि 2022 पासून नेटफ्लिक्सवर. चार्ली स्प्रिंग आणि निक नेल्सन ही एकाच शाळेतली दोन मुलं. कथेच्या सुरुवातीला चार्ली ज्याला चोरून भेटत असतो तो बेन त्याच्यावर जबरदस्ती करू पाहतो, आणि चार्ली नको म्हणत असताना निक मध्ये पडतो. पुढचं सगळं नातं या प्रसंगाच्या विरोधात रचलेलं आहे. एका प्रसंगात चार्लीला झोप लागलेली असते. शेजारी बसलेला निक आपला हात त्याच्या हाताजवळ नेतो आणि तसाच वर धरून ठेवतो, टेकवत नाही. पहिल्या चुंबनाआधी तर चार्ली सरळ प्रश्न विचारतो. निक होकार देतो, पण कोणीतरी हाक मारताच गोंधळून निघून जातो. आपण त्याच्यावर लादलं की काय, या विचारानं चार्ली घरी येऊन माफीचे मेसेज पाठवत बसतो. दुसऱ्या दिवशी निक पावसात भिजत त्याच्या दारात येतो आणि दोघं बोलतात. चित्रकथेची चौकट इथं फार कामाला येते. ओसमन यांनी बिनशब्दांच्या चौकटी ओळीनं ठेवल्या आहेत, आणि विचारणं व उत्तर येणं यांमधला वेळ वाचकाला पानावरच सोसावा लागतो. नातं कोणाला आणि केव्हा सांगायचं, यावरही ही मालिका तितकाच भर देते. निक आईला सांगतो तो स्वतःची तयारी झाल्यावर. चार्ली घाई करत नाही. दुसऱ्याचं गुपित परस्पर फोडणं हाही संमतीचा भंगच, हे या चित्रकथेनं किशोरवयीन वाचकांपुढे स्पष्टपणे ठेवलं.

मराठीत हा विषय आला तो बराच आधी आणि फार वेगळ्या वळणानं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगमंचावर आलं आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा या तरुणीची भूमिका केली. मित्राचं नमावर प्रेम आहे. दोघींना भेटायला जागा नाही, म्हणून ती बापू या आपल्या मित्राची खोली मागून घेते. बापूचं स्वतःचं मन मित्रावर आहे. दोघींमधलं जे काही आपल्यापर्यंत पोचतं ते या तिसऱ्या माणसाच्या तोंडून. नमाला नेमकं काय हवं आहे, हे तिच्याकडून नीट कधीच ऐकू येत नाही, आणि मित्रालाही ते विचारून घ्यायचा धीर नाही; ती हक्क गाजवते. नाटकाची शोकांतिका समाजाच्या क्रौर्यातून येते असं सहसा लिहिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. उसन्या खोलीत, उसन्या तासाभरात विचारायचं राहून गेलेलं पुष्कळ काही त्या शोकांतिकेत आहे.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) ही कादंबरी तर न बोलण्यावरच उभी आहे. पुण्यातल्या जोशींच्या घरात एक पाहुणा भाड्यानं राहायला येतो. धाकटा भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्यात तनय त्या निघून गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलतो. दुसऱ्यात अनुजाची रोजनिशी आहे. पाहुण्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही आणि त्याची बाजू कुठंच येत नाही. तनयचा होकार मनापासूनचा होता, यात शंका नाही. पण ज्याला होकार दिला त्यानं महत्त्वाची गोष्ट लपवली होती, आणि अर्धवट माहितीवर दिलेल्या होकाराचं काय करायचं, हा या कादंबरीचा खरा काच आहे. जेरी पिंटो यांनी 2013 मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला. तिच्यावर 2022 मध्ये आलेल्या चित्रपटात कथा पुण्यातून केरळात गेली. तिथं समुद्र आहे, उजेड आहे, मोकळं आवार आहे. पण कादंबरीतला कोंडमारा त्या मध्यमवर्गीय घरातल्या एका खोलीमुळे होता; तो चित्रपटात पातळ झाला.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ हा मराठी चित्रपट या नोंदीच्या मध्यभागी ठेवावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं आणि 19 सप्टेंबर 2025 रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. कानवडे मुंबईत एका खोलीच्या घरात वाढले. वडील गेल्यानंतर सुतकाचे दिवस त्यांनी गावी काढले, नातेवाइकांनी लग्नाचा विषय लावून धरला, आणि या दिवसांत आपल्याला समजून घेणारा एखादा मित्र इथं असता तर, या कल्पनेतून कथा सुचली. आनंद (भूषण मनोज) वडिलांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. बाळ्या (सूरज सुमन) हा त्याचा लहानपणचा मित्र, शेती करणारा, घरच्यांचा लग्नाचा तगादा चुकवत आलेला. दहा दिवस आहेत आणि मग आनंदला परतायचं आहे.

सुतक ही या कथेसाठी फार नेमकी चौकट आहे. ज्यानं सुतक धरलं आहे त्यानं पायात काय घालायचं, काय खायचं, कुठं झोपायचं, हे बाकीचे ठरवतात. लग्नाचंही त्याच सुरात ठरवलं जातं. आनंदला काय हवं, हे घरातल्या गर्दीत आई (जयश्री जगताप) सोडली तर कोणाला विचारावंसं वाटत नाही. आईला सगळं ठाऊक आहे आणि ती लेकाच्या पाठीशी आहे. गावाकडच्या समलिंगी माणसाच्या गोष्टीत अशी आई दिसणं मोलाचं. घरात बोलायला जागा नाही, म्हणून आनंद आणि बाळ्या रानात जातात, शेळ्यांमागे, झाडाखाली, पाण्यावर. शेतकऱ्याच्या पोराचं दिवसभर रानात असणं कोणाला खटकत नाही. बाळ्या आनंदसाठी सबरबोंडं आणतो. निवडुंगाचं हे लाल फळ ज्यानं खाल्लं आहे त्याला ठाऊक असतं, की वरची बारीक कुसं नीट काढल्याशिवाय तोंडात घातलं तर जीभ दिवसभर चुरचुरते. ते दुसऱ्यासाठी साफ करणं हे सावकाशीचं, जपून करायचं काम आहे, आणि चित्रपटातली जवळीक त्याच गतीनं वाढते. पार्श्वसंगीत नाही. विकास अर्स यांचा कॅमेरा एका जागी थांबून दोघांना थांबू देतो. कोण कोणाच्या किती जवळ सरकला आणि दुसरा तिथंच राहिला की बाजूला झाला, हे प्रेक्षकाला पुरता वेळ घेऊन बघता येतं. ‘हार्टस्टॉपर’मध्ये जे प्रश्नोत्तरांनी होतं ते इथं थांबण्यातून होतं. दोन्ही रीती खऱ्या आहेत. दुसरीत धोका अधिक, कारण मौनाचा अर्थ आपल्या सोयीनं लावता येतो. कानवडे यांनी तो धोका ओळखून पात्रांना घाई करू दिलेली नाही.

बाळ्याची गोष्ट चित्रपटाबाहेरच्या गावांतही ओळखीची आहे. उदाहरणार्थ, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात धुळे–सोलापूर महामार्गावर वडीगोद्री हे गाव आहे. ऊस, कापूस, मोसंबीचा हा मुलूख, आणि बाळ्याची अडचण इथल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हा आज महाराष्ट्रभराचा प्रश्न आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. या परिस्थितीचा आडोसा समलिंगी मुलाला काही वर्षं मिळतो: जमत नाही म्हणून लग्न राहिलं, एवढं म्हटलं की लोक गप्प बसतात. पण स्थळ आलं की आडोसा संपतो. पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत सातत्यानं लिहिलं आहे. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी अशाच एका मुलाच्या घुसमटीची आहे.

कायद्यानं या नात्यातल्या संमतीला मान्यता दिली ती 6 सप्टेंबर 2018 रोजी. नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून वगळले. जबरदस्तीसाठी ते कलम शिल्लक राहिलं. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात 377 ला समांतर कलमच ठेवलेलं नाही. बलात्काराच्या व्याख्येत पीडित व्यक्ती स्त्री असते. परिणामी सज्ञान पुरुषावर पुरुषानं केलेल्या लैंगिक जबरदस्तीसाठी आज स्वतंत्र कलम नाही. मारहाण, डांबून ठेवणं, खंडणी अशा इतर कलमांवर भागवावं लागतं. डेटिंग अ‍ॅपवर ओळख काढून, भेटीला बोलावून, फोटोच्या धाकानं पैसे उकळण्याचे गुन्हे शहरांत नोंदले गेले आहेत, आणि तक्रार करायची तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागतं. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला.

या सगळ्यात एका व्यक्तीची संमती सहसा कथेबाहेर राहते: घरच्यांच्या दबावाखाली समलिंगी मुलाशी जिचं लग्न लावून दिलं जातं, त्या मुलीची. तिला मुलगा दाखवतात, शेती सांगतात, बाकी काही सांगत नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार फसवणुकीनं मिळवलेल्या संमतीवर झालेला विवाह रद्द करून मागता येतो, मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर ती राजीखुशीनं नांदलेली नसावी लागते. माहेरी परतायची सोय नसलेल्या मुलीचं ते वर्ष बहुधा गप्प बसण्यातच जातं.